अमर्याद पगारी रजा द्यावी का? बडोद्यातल्या एका ४८ माणसांच्या कंपनीसाठी उत्तर

प्रश्न विचारणारे अलकापुरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे मालक आहेत. ४८ माणसं, आठवड्याला पाच दिवस काम, ग्राहक बहुतेक अमेरिकेतले. सध्या प्रत्येकाला वर्षाला १८ पी.एल. (हक्काच्या, साठवता येणाऱ्या रजा) आणि ८ सी.एल. (नैमित्तिक रजा) मिळतात, सणांच्या १० सुट्ट्या वेगळ्या. गेल्या वर्षी दोन अनुभवी मुलं पुण्याच्या कंपनीत गेली आणि जाताना म्हणाली, तिकडे 'अनलिमिटेड लिव्ह' आहे. सीएंनी सांगितलंय की शिल्लक रजांच्या पैशांपोटी ताळेबंदात करावी लागणारी तरतूद दरवर्षी फुगतेय. तेव्हा रजांचा हिशेबच बंद करून 'हवी तेवढी पगारी रजा घ्या' असं जाहीर करावं का, आणि तसं केलं तर लोक गैरफायदा घेतील का, असं त्यांनी विचारलंय. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'मी स्वतः तीन वर्षांत सलग चार दिवस सुट्टी घेतलेली नाही.' त्या ओळीबद्दल मी शेवटी बोलेन, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

माझा सल्ला आधीच सांगते: असं करू नका. गैरफायद्याची भीती हे त्याचं कारण नाही. तुमच्या माणसांना आज जे हक्कानं मिळतंय ते उद्या मागून घ्यावं लागेल, हे कारण आहे.

मी या कामात २४ वर्षं आहे. सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेतून एमएसडब्ल्यू केलं आणि पहिली नोकरी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात केली. मस्टर, रजेची कार्डं, ओव्हरटाइमच्या स्लिपा यांतच पहिली पाच वर्षं गेली. पण रजेचं कार्ड मी त्याच्या आधीपासून ओळखत होते. माझे बाबा त्याच वसाहतीत फिटर होते. आमच्या घरी कॅलेंडरच्या मागे त्यांचं रजेचं कार्ड खोचलेलं असायचं. किती भरल्या, किती घेतल्या, किती उरल्या. वाडी भागातल्या आमच्या घरावर स्लॅब पडला तो बाबांनी विकलेल्या रजांच्या पैशातून, ताईच्या लग्नातही तेच पैसे आले. आणि याच हिशेबापायी आजी शेवटची आजारी होती तेव्हा बाबा गावाला फक्त दोन दिवस जाऊन आले. रजा होत्या, पण त्या 'धरून ठेवलेल्या' होत्या. ही गोष्ट बाबा पुढे कितीतरी वर्षं बोलून दाखवायचे.

आपल्याकडच्या पगारदार घरात रजा म्हणजे विश्रांती असते आणि तीच रजा म्हणजे साठवलेली पुंजीही असते. चांगल्या धोरणानं हे दोन्ही सांभाळायला हवं. अमर्याद रजेत पुंजी पहिल्याच दिवशी जाते आणि विश्रांतीचीही खात्री राहत नाही.

विश्रांतीची खात्री का राहत नाही, ते मी स्वतःच्या कामावरून सांगते. काही वर्षांपूर्वी बडोद्यातल्याच एका कंपनीसाठी मी असं धोरण लिहून दिलं होतं. मालक मनानं मोठे होते, हेतू स्वच्छ होता, आणि मलाही ते पटलं होतं. पत्रक निघालं त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षानं मी एकेकाशी बोलायला बसले तेव्हा बऱ्याच जणांकडून एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं: 'किती मागितली तर बरं दिसेल तेच कळत नाही.'

पूर्वी तीच माणसं काय म्हणायची? 'सर, माझ्या सात रजा शिल्लक आहेत, १२ ते १८ मे घेतोय.' यातला 'शिल्लक' हा शब्द नीट बघा. माणूस शिल्लक आहे ते घेतो, मागत नाही. मॅनेजर फार तर म्हणेल, आठवडाभर पुढे ढकल. आकडा गेला आणि हे वाक्यच गेलं. त्याजागी आलं, 'सर, मला मे महिन्यात थोडे दिवस मिळतील का?' त्यावर मॅनेजर सहज विचारतो, 'का रे, घरी सगळं ठीक ना?' त्या विचारण्यात वाईट काही नाही, पण आता कारण द्यावं लागलं. कारण द्यावं लागलं की माणूस ते मनातल्या मनात तोलतो. बहिणीचं बाळंतपण चालेल, मुलांना घेऊन पन्हाळ्याला जायचं चालेल की नाही कोण जाणे, आणि नुसतं घरी पडून राहायचंय हे तर तोंडातून निघतच नाही.

सगळ्यात कमी रजा कोणी घेतल्या? नवे रुजू झालेले, प्रमोशनच्या रांगेत असलेले, आणि बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बायका. एकीनं मला जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. ती म्हणाली, 'ताई, २६ आठवडे घेऊन आलेय. आता बाळाला लस द्यायची म्हणून रजा मागितली तर म्हणतील, हिचं संपतच नाही. पूर्वी खात्यात रजा दिसायच्या, त्या दाखवून घेतल्या असत्या.' आणि सगळ्यात जास्त कोणी घेतल्या? ज्यांचा मॅनेजर दिलदार होता त्यांनी. एकाच मजल्यावर, एकाच पगाराच्या दोन माणसांना, केवळ वरिष्ठाच्या स्वभावामुळे वेगवेगळं वर्ष मिळालं. ते धोरण पुढे मीच मागे घ्यायला लावलं.

आता तुमची भीती, गैरफायद्याची. इतक्या वर्षांत मी असे लोक पाहिले आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते १८ रजांच्या कंपनीतही होतेच. सोमवारी पोट दुखणारा माणूस कुठल्याही धोरणात असतो. त्याच्याशी कामाबद्दल समोर बसून बोलावं लागतं, रजेचं धोरण त्याच्यासाठी लिहायचं नसतं. उरलेले बहुतेक लोक भिडस्त असतात. धोरण लिहिताना हा भिडस्त माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

या कल्पनेत चांगलं काहीच नाही असं मी म्हणत नाही. ज्या मुलाच्या वडिलांची बायपास झाली, जिच्या नवऱ्याची केमो सुरू आहे, त्यांना आकड्याच्या भिंतीवर डोकं आपटावं लागू नये, हे अगदी बरोबर आहे. १८ पी.एल. संपल्या म्हणून हॉस्पिटलच्या बाकावर बसून बिनपगारीचा अर्ज लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. खोटी कारणंही कमी होतात, हेही खरं. हा चांगुलपणा घ्यायचाच आहे. पण तो संकटातल्या माणसासाठी वेगळी रजा ठेवूनही घेता येतो, सगळ्यांचा हिशेब पुसण्याची त्यासाठी गरज नाही.

ही कल्पना अमेरिकेतून आली, तेव्हा तिथली जमीन कशी आहे तेही पाहायला हवं. अमेरिकेत खासगी कंपनीनं पगारी रजा दिलीच पाहिजे असा संघराज्याचा कायदाच नाही. जिथे कायद्यानं एकही दिवस मिळत नाही, तिथे 'हवी तेवढी घ्या' ही वरून मिळालेली भर ठरते. नेटफ्लिक्सनं रजा मोजणं सोडलं, त्याचा बराच गाजावाजा झाला. पण मागे फिरलेल्यांचीही नावं आहेत. लोकवर्गणीचं संकेतस्थळ चालवणाऱ्या किकस्टार्टरनं २०१५ मध्ये अमर्याद रजा बंद करून वर्षाला २५ दिवस ठरवून दिले, किती घेणं योग्य हे लोकांना कळत नाही म्हणून. म्हणजे माझ्या त्या कंपनीतलंच वाक्य. लॉस एंजेलिस टाइम्स काढणाऱ्या ट्रिब्यून पब्लिशिंगनं नोव्हेंबर २०१४ मध्ये अशी घोषणा केली आणि आठवडाभरातच ती मागे घेतली, कारण साठलेल्या रजा म्हणजे कमावलेले पैसे आहेत, ते असे पुसता येणार नाहीत असं कर्मचाऱ्यांनी बजावलं. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पगारदार कर्मचाऱ्यांसाठी रजा मोजणं थांबवलं, पण आधीच्या शिल्लक रजांचे पैसे देऊन. गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेनं २०२२ मध्ये वरच्या पदांना हवी तेवढी रजा दिली आणि त्याच वेळी सगळ्यांनी वर्षाला किमान १५ दिवस घेतलेच पाहिजेत असंही ठरवलं. त्यातल्या या दुसऱ्या अर्ध्या भागाची बातमी आपल्याकडे फारशी कोणी वाचली नाही. माझ्या लेखी तोच भाग कामाचा आहे.

आपली जमीन वेगळी आहे. इथे रजा कायद्यानं माणसाच्या खात्यात पडते. गुजरातचा २०१९ चा दुकाने व आस्थापना कायदा तुमच्याएवढ्या आस्थापनेला लागू होतो. त्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा, सणांच्या ८ पगारी सुट्ट्या, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक हक्काची रजा आहे, जी ६३ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यावर आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या कामगार संहिता आहेत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेत वर्षाला १८० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक रजा मिळते, ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येते, आणि वर्षअखेरीस माणसानं मागितलं तर शिल्लक रजेचे पैसे द्यावे लागतात. रजा मागितली आणि तुम्ही नाकारली, तर ती नाकारलेली रजा कितीही दिवस पुढे नेता येते. व्यवस्थापकीय पदावरची माणसं आणि महिना १८,००० रुपयांच्या वर वेतन असलेले सुपरवायझर या संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येबाहेर आहेत. पण तुमचे डेव्हलपर, टेस्टर, डिझायनर तांत्रिक काम करणारे म्हणून आत येतात असं धरूनच चाला. दोन कायद्यांत जिथे फरक दिसेल तिथे कामगाराला जास्त देणारी तरतूद पाळा, म्हणजे वाद उरत नाही.

मग हिशेब बंद कसा करणार? तुम्ही मोजणं थांबवलंत तरी कायदा मोजतच राहणार. उद्या एखादा राजीनामा देऊन म्हणाला, माझ्या हक्काच्या रजा द्या, तर तुमच्याकडे दाखवायला कागद नसेल. आणि वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत त्याचं वेतन चुकतं करायचं आहे, तेव्हा जुने ईमेल उपसत बसायला वेळही नसेल. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचा आणि ज्यांचं वेतन २१,००० पर्यंत आहे त्यांच्या ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) आजारपणाच्या लाभाचा हिशेबही वेगळा ठेवावाच लागतो. 'अमर्याद'च्या एका पिशवीत हे सगळं कोंबलं की नंतर काहीच सापडत नाही.

आता पैसे, ज्यांच्यासाठी सीएंनी हा विषय काढला. आकडे ढोबळ धरू. सरासरी पगार महिना ६०,००० असेल तर दिवसाचे २,००० रुपये. माणशी १२ रजा शिल्लक धरल्या तर ४८ जणांचे ११ लाख ५२ हजार होतात. तुमचा महिन्याचा पगारखर्च २८ लाख ८० हजार, म्हणजे हे साठलेलं देणं एका महिन्याच्या पगाराच्या ४० टक्के. ताळेबंदात दिसतं खरं, पण कंपनी बुडवणारं नाही. ते फुगतंय याचा अर्थ तुमचे लोक रजा घेत नाहीयेत. इलाज तिथे करा. लोकांनी रजा घेतल्या की तरतूद आपोआप उतरते. एक मात्र तपासा: शिल्लक रजेचा दर तुम्ही नुसत्या बेसिकवर काढत असाल आणि बेसिक पगाराच्या ३० टक्के असेल, तर संहितेतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येत ते बसणार नाही. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरला जातो.

माणसाच्या बाजूनंही हाच हिशेब मांडा. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशांवर खासगी कर्मचाऱ्यांना प्राप्तिकरातून असलेली सूट २०२३ मध्ये ३ लाखांवरून २५ लाखांवर नेली गेली. म्हणजे सरकारही त्या पैशांकडे आयुष्याची पुंजी म्हणून पाहतं. १५ वर्षं तुमच्याकडे राहिलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी फुल अँड फायनलच्या कागदावर रजेच्या रकान्यात शून्य दिसलं, तर त्याला काय वाटेल?

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल कोणीच विचारत नाही. रजा द्यायला माणसं आहेत का? वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ आणि सणांचे १० गेले की कामाचे २५१ उरतात. माणशी १८ अधिक ८, वर आजारपणाचे (ती रजा वेगळी द्या असं पुढे सांगणार आहे) सरासरी ४, असे ३० दिवस प्रत्येकानं खरोखर घेतले तर रोज साधारण १२ टक्के लोक रजेवर असतील. ४८ मध्ये जवळजवळ सहा. आता तुमच्या प्रोजेक्टच्या नियोजनात रोज सहा माणसं नसणार असं कुठे लिहिलंय का? नसेल, सगळे ४८ जण पूर्ण वेळ ग्राहकाच्या बिलावर दाखवलेले असतील, तर रजा १८ असो की अमर्याद, ती कागदावरच राहणार. मुलगा रजा घेईल आणि लॅपटॉप घेऊन सासुरवाडीला बसेल. पुण्याला गेलेल्या त्या दोघांना एकदा फोन करा आणि विचारा, इथे असताना शेवटची रजा फोन बंद ठेवून कधी घेतली होती. माझा अंदाज आहे की ते रजेच्या आकड्यामुळे गेलेले नाहीत.

शिवाय आपलं बडोदं. १४ जानेवारीला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण, आणि १६ ला अर्ध्या ऑफिसचे हात मांज्यानं कापलेले. नवरात्रात नऊ रात्री गरबा, सकाळी दहाची मीटिंग ठेवून काही उपयोग नाही. आपल्या मराठी घरांत गणपती-गौरी, बिहारच्या मुलांना छठ, केरळच्या मुलीला ओणम, आणि ईद चंद्रावर. सहा जणांच्या टीममध्ये पाच जणांना एकच आठवडा हवा असतो. आकडा आणि नियम असले की वाटून घेता येतं: गेल्या उत्तरायणाला तू गेलास, यंदा मी. अमर्याद रजेत जो आधी बोलेल आणि मोठ्यानं बोलेल त्याचं साधतं. त्यात कोणाला गप्प बसावं लागतं हे तुम्हाला सांगायला नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा याची परीक्षाच झाली. घरात पाणी, गाडी पाण्यात, लाइट नाही. एका कंपनीनं त्या आठवड्याचे दिवस लोकांच्या पी.एल.मधून कापले. दुसरीनं दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला: पाणी ओसरेपर्यंत येऊ नका, पगार चालू, रजा कापणार नाही. दुसऱ्या कंपनीत अमर्याद रजा नव्हती. पण लोक आजही तो निरोप काढून दाखवतात. तुमच्याकडे त्या आठवड्यात काय झालं होतं, ते आठवून बघा.

मग काय करावं? मी तुमच्या जागी असते तर १८ आणि ८ हे आकडे तसेच ठेवले असते. ८ कायद्याइतक्याच आहेत, १८ कायद्याच्या वर आहेत. पाच दिवसांच्या आठवड्यात दर २० दिवसांमागे एक या हिशेबानं बारा-एक रजाच होतात. आजारपण मात्र यातून बाहेर काढा. आज ताप आला तरी पी.एल. किंवा सी.एल.च जाते, म्हणून लोक अंगात ताप घेऊन येतात. आजारपणाची रजा वेगळी द्या, तीन दिवसांपर्यंत डॉक्टरचा कागद मागू नका.

दुसरं, प्रत्येकानं वर्षातून एकदा सलग पाच कामाचे दिवस रजा घेतलीच पाहिजे. दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस होतात. त्या काळात मेल आणि ग्रुप बंद. ही चैन वाटत असेल तर बँकांकडे बघा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये सांगितलं की संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवा. तिथे हेतू गैरव्यवहार उघडे पाडण्याचा आहे, पण त्यातून आपल्याही उपयोगाची गोष्ट निघते. माणूस दहा दिवस पूर्ण बाजूला झाला की त्याचं काम दुसऱ्या कोणाला येतं की नाही हे लख्ख दिसतं. तुमच्याकडे असा एकतरी मुलगा असणार, ज्याच्याशिवाय सर्व्हर कोणाला चालू करता येत नाही. तो रजेवर जाऊ शकत नाही, ही त्याची अडचण आहे आणि कंपनीचा धोकाही.

हे पाच दिवस विकता येणार नाहीत, असा नियम ठेवा. बाकीच्या साठवा, वर्षअखेरीस मागितल्या तर पैसे द्या, पण हे पाच नाहीत. हा नियम लिहिताना दरवेळी मला बाबा आठवतात. त्यांच्या कार्डावर असे पाच दिवस असते, जे विकताच आले नसते, तर ते आजीजवळ आठवडाभर बसले असते.

दिवाळीत कंपनी पूर्ण बंद ठेवा, लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत. इथला बाजार तसाही तेव्हाच उघडतो. सगळे एकदम सुट्टीवर असले की परतल्यावर कोणाच्याही डोक्यावर मेलचा ढीग नसतो, आणि खरी विश्रांती तीच. अमेरिकेच्या ग्राहकांना जूनमध्येच तारखा कळवा. ते डिसेंबरच्या शेवटी आपल्याला अशाच तारखा कळवतात, त्यांना यात काही वावगं वाटत नाही. तातडीच्या कामाला चार जणांची पाळी लावा आणि त्यांना बदली रजा द्या.

संकटाची रजा वेगळी ठेवा आणि तिला आकडा लावू नका. तुमच्या मनातला 'अमर्याद' शब्द इथे वापरा. मोठं आजारपण, घरातला मृत्यू, पूर. अर्ज तोंडी चालेल, निर्णय २४ तासांत, तो तुम्ही आणि अजून एक वरिष्ठ बाई अशा दोघांनी घ्यायचा, आणि कारण त्या दोघांपलीकडे जाऊ द्यायचं नाही. शेवटची अट कडक पाळा. आपल्या छोट्या ऑफिसांत बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचते, आणि तसं एकदा झालं की पुढचा माणूस तोंड उघडत नाही.

मॅनेजरनं रजा नाकारली तर लेखी नाकारायची आणि त्याच मेलमध्ये दुसरी तारीख द्यायची. सप्टेंबरअखेर ज्यांच्या अर्ध्याही रजा झालेल्या नाहीत त्यांची यादी काढा आणि प्रश्न मॅनेजरला विचारा, त्या माणसाला नको. हा प्रश्न मॅनेजरच्या वार्षिक मूल्यमापनात आला की वर्षभरात फरक दिसतो, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय.

एवढं करूनही वरच्या पाच-सहा जणांना न मोजता रजा द्यायची तुमची इच्छा असेल, तर द्या. त्यांचा पगार, वय आणि तुमच्याशी असलेलं नातं वेगळं आहे, ते निभावून नेतील. पण त्यांनाही किमान २० दिवसांची अट घाला, नोंद ठेवा, आणि आजवर साठलेल्या रजा त्यांच्या नावावर राहू द्या किंवा पैसे देऊन टाका. त्यातली एकही रजा बुडवू नका. बाकीच्यांपर्यंत हे नेण्याआधी एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, म्हणजे उत्तरायण, मे महिना, गणपती, नवरात्र आणि दिवाळी असं सगळं त्यात येईल.

आता तुमची ती शेवटची ओळ. तीन वर्षांत सलग चार दिवस नाही. साहेब, तुमच्या ४८ माणसांनी कंपनीचं कुठलंही पत्रक वाचण्याआधी तुम्हाला वाचलंय. रात्री साडेअकराला तुमचा मेल येतो, वासी उत्तरायणाला गच्चीवरून तुम्ही कॉलवर असता, हे ते रोज बघतात. तुम्ही 'हवी तेवढी घ्या' म्हणालात तर ते तुमच्याकडे बघूनच 'हवी तेवढी' किती ते ठरवतील, आणि तो आकडा तीनच्या वर जाणार नाही.

म्हणून पत्रक राहू द्या. आधी गेल्या तीन वर्षांचं रजेचं रजिस्टर काढा. कोणी किती घेतल्या, कोणाच्या किती नाकारल्या, कोणत्या मॅनेजरकडे शिल्लक सगळ्यात जास्त आहे, हे एका कागदावर मांडून मला पाठवा. आणि त्याच दिवशी ऑफिसच्या कॅलेंडरवर तुमचे स्वतःचे पाच दिवस टाका, सगळ्यांना दिसतील असे. समोर लिहा, या काळात निर्णय कोण घेणार. त्या व्यक्तीला आठवडाभर आधी शेजारी बसवून ग्राहकांच्या कॉलला घ्या. मग गावी जा, घरच्यांना घेऊन, आणि ऑफिसचा फोन तिच्या टेबलाच्या खणात ठेवून जा.